लिझ्यूचा मठ आणि नगरचे बिऱ्हाड

श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन शब्द आपल्या कानांवर इतक्या वेळा पडले आहेत की आता त्यांचा नाद उमटेनासा झाला आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात ते आपण पाठ केले, लग्नाच्या मिस्सेत करिंथकरांस लिहिलेल्या पत्राच्या वाचनातून ते दरवर्षी निदान चार-दोनदा ऐकले, आणि गळ्यातल्या साखळीत क्रूस, नांगर आणि हृदय अशी तीन चिन्हे ओवून आपल्या आयाबहिणींनी ते मिरवलेही. त्यातला नांगर हा गलबताचा. आपल्या वाडीतल्या शेतकऱ्याला मात्र नांगर म्हटले की जमीन आठवते आणि कोळ्याला समुद्र. दोघांच्याही हातचे ते राबण्याचेच साधन. हा श्लेष संत पौलाला ठाऊक असण्याचे कारण नाही, पण त्याला तो आवडला असता असे वाटते. कारण थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (इ. स. ५०च्या सुमाराचे हे पत्र नव्या करारातील सर्वांत जुने लेखन असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात) तो या तिन्ही गुणांचा उल्लेख करतो तेव्हा प्रत्येकाला श्रमाची जोड देतो. श्रद्धेला काम, प्रीतीला कष्ट आणि आशेला चिकाटी. तेथे भावनेचे नाव नाही.

आपल्या भक्तिपर लेखनात या श्रमाचा भाग बहुधा गळून गेलेला असतो. संतचरित्रे, मृत्युलेख, रौप्यमहोत्सवी स्मरणिका यांत माणसे श्रद्धावान असतात, आशावादी असतात, प्रेमळ तर असतातच; पण ती तशी नेमकी कोणत्या दिवशी, कोणत्या कामात आणि कोणाशी वागताना होती, हे आपल्याला कळत नाही. म्हणून ज्या पुस्तकांत हे कळते अशी दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, असा या लेखाचा हेतू आहे. एक लिझ्यूच्या संत तेरेजाचे आत्मकथन, जे ‘एका आत्म्याची कथा’ या अर्थाच्या नावाने १८९८मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. दुसरे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, जी १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत बाहेर आली. पहिले पुस्तक आपण आपले मानतो. दुसरे साऱ्या महाराष्ट्राने आपले मानले आहे, पण कॅथलिक कुटुंबांच्या कपाटात ते क्वचित दिसते. लक्ष्मीबाई प्रॉटेस्टंट होत्या हे त्याचे कारण असेल, तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४मध्ये ख्रिस्ती ऐक्याविषयी काढलेल्या आदेशाची आठवण करून द्यावी लागेल. विभक्त झालेल्या बंधुभगिनींच्या जीवनात ख्रिस्ताची जी संपत्ती दिसते ती आनंदाने ओळखावी आणि तिचा मान राखावा, असे तो आपल्याला सांगतो. ओळखण्यासाठी आधी वाचावे लागते.

दोघी जवळजवळ समवयस्क. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. तेरेजाचा १८७३चा, फ्रान्समधील आलांसाँ गावचा. एकीचे लग्न अकराव्या वर्षी झाले, दुसरी पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली. तेरेजा १८९७मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली तेव्हा लक्ष्मीबाई अजून ख्रिस्ती झालेल्याही नव्हत्या; त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. आयुष्यांत साम्य म्हणावे तर एवढेच की दोघींनीही स्वतःहून लेखणी उचलली नाही. तेरेजाला लिहिण्याची आज्ञा मठाधिकारिणीने केली, आणि ती मठाधिकारिणी तिची सख्खी बहीण पोलिन होती. लक्ष्मीबाईंच्या मागे लागला तो त्यांचा मुलगा देवदत्त. घरच्या माणसांसाठी लिहिल्यामुळे दोन्ही पुस्तकांत एक मोकळेपणा आला आहे. वाचकाला उपदेश करण्यासाठी कोणी बसलेले नाही.

तेरेजाच्या बाबतीत हा मोकळेपणा आपल्यापर्यंत पोहोचायला बराच काळ लागला. तिच्या मृत्यूनंतर पोलिनने तिच्या तीन वह्या एकत्र जुळवल्या आणि हजारो ठिकाणी फेरफार करून त्यांचे पुस्तक केले. हेतू वाईट नव्हता. धाकट्या बहिणीचे लिहिणे चारचौघांत नीटनेटके दिसावे, एवढीच तिची इच्छा. पण त्या इस्त्रीखाली बऱ्याच सुरकुत्या नाहीशा झाल्या आणि सुरकुत्यांमध्येच चेहरा होता. मूळ हस्तलिखिताची छायाप्रत १९५६मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा कुठे खरी तेरेजा दिसू लागली. आपल्याकडे तिच्या तसबिरीतले गुलाब पोहोचले, नोव्हेनाही पोहोचल्या. मात्र तिचे पुस्तक पूर्ण वाचलेली माणसे थोडीच भेटतात. गुलाबांचा हा अडसर आधी बाजूला करायला हवा. तिची भाषा एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच मध्यमवर्गीय मुलीची आहे. फुले, पाखरे, खेळण्यातला चेंडू यांनी ती भरलेली आहे, आणि मराठी वाचकाला ती काही पानांनंतर गोडमिट्ट वाटते, हे कबूल करावे. पण त्या फुलांखाली दगड आहे.

तो दगड पाहायचा असेल तर तिसऱ्या वहीतील प्रीतीविषयीची पाने काढावीत. मठात वीस-पंचवीस बायका, उंच भिंतीच्या आत, जन्मभर एकत्र. प्रार्थनेच्या वेळी मागच्या बाजूला बसणारी एक भगिनी सतत कसला तरी बारीक आवाज करते. तेरेजाच्या अंगाला घाम फुटतो, पण ती मागे वळून पाहत नाही. तो आवाज चुकवण्याऐवजी एखादे सुंदर वाद्यसंगीत ऐकावे तसा तो ऐकण्याचा ती प्रयत्न करते आणि तीच तिची त्या दिवसाची प्रार्थना होते. धुण्याच्या ठिकाणी समोरची भगिनी कपडे आपटताना तिच्या तोंडावर घाण पाणी उडवते. तोंड पुसावे म्हणजे समोरचीला समजेल, असा साधा विचार मनात येतो. तेरेजा तोंड पुसत नाही. सेंट पीटर नावाची एक वृद्ध, आजारी आणि कोणत्याच गोष्टीने समाधान न होणारी भगिनी असते. तिला रोज संध्याकाळी हात धरून भोजनगृहात न्यायचे, तेही एका ठराविक पद्धतीने, नाहीतर बोलणी खावी लागत. तिला पाव कापताना त्रास होतो हे तेरेजाच्या लक्षात येते, आणि निघण्यापूर्वी ती तोही कापून देऊ लागते. म्हातारी विरघळते ती या न मागितलेल्या मदतीने.

या प्रसंगांचे मोठेपण त्यांच्या क्षुल्लकतेत आहे असे सांगण्याची प्रथा आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. क्षुल्लक गोष्टी सगळ्यांच्याच आयुष्यात असतात. येथे लक्षात घेण्याजोगे आहे ते असे की तेरेजा आपली चीड लपवत नाही. एका भगिनीचे सगळेच तिला नावडते: वागणे, बोलणे, स्वभाव. ती तसे स्पष्ट लिहिते. त्या भगिनीशी ती इतकी हसून वागते की माझ्यात तुला एवढे आवडते तरी काय, असे ती भगिनीच एकदा विचारते. आणि कधी कधी मनाचा तोल जाण्याची वेळ येते तेव्हा तेरेजा सरळ पळून जाते, रणांगण सोडून पळणाऱ्या शिपायासारखी. ही उपमाही तिचीच. प्रीती म्हणजे प्रेमळ स्वभाव असा जो घोटाळा आपण नेहमी करतो, तो या पानांवर टिकत नाही. स्वभावाने प्रेमळ असलेल्या माणसाला ही वही लिहिताच आली नसती.

आता नगरचे बिऱ्हाड पाहू. ‘स्मृतिचित्रे’मध्ये प्रीती या विषयावर एकही प्रकरण नाही. पुस्तकाची सुरुवातच मुळी वडिलांच्या सोवळ्याने होते. त्या घरात बाजारातून आलेले मीठ आणि साखरसुद्धा धुतली जात असे! मीठ धुतल्यावर काय उरते, याची कल्पना वाचकाने करावी. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात, वडिलांवर राग न धरता. पण पुस्तक पुढे सरकते तसे वाचकाच्या ध्यानात येऊ लागते की या धुतलेल्या मिठाच्या घरातली मुलगी एक एक उंबरठा ओलांडत कुठवर पोहोचते आहे. १८९९-१९००च्या मोठ्या दुष्काळाच्या काळात टिळक अनाथ मुले घरी आणतात आणि लक्ष्मीबाईंच्या चुलीवर त्यांचा स्वयंपाक होतो. ती कोणत्या जातीची, हा प्रश्न तोवर संपलेला असतो. प्लेगच्या साथीत त्या रोग्यांच्या सेवेला जातात. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्या घरी राहतात तेव्हा एका ख्रिस्ती घरात एक ब्राह्मण तरुण मुलासारखा वावरतो आणि त्यावर लक्ष्मीबाईंची हक्काची रागवारागवी चालते. ज्या हातांना लहानपणी स्पर्शाची भीती शिकवली गेली, त्याच हातांचा हा प्रवास आहे. मनाचा प्रवास त्या फारसा सांगत नाहीत. हात कुठे होते एवढे सांगतात आणि पुढे जातात.

याचा अर्थ त्या घरात सदैव शांती नांदत होती असा नाही. नारायण वामन टिळक हे मोठे कवी, मोठे भक्त. पण त्यांच्याबरोबर संसार करणे म्हणजे उधाणात होडी हाकणे. पैसा हाती आला की दुसऱ्याच्या हाती जायचा, किराणा आणायला निघालेला माणूस भलतीच वस्तू घेऊन परतायचा, आणि राग आला की घर दणाणायचे. त्यांचे औदार्य जगाने पाहिले. त्या औदार्याची किंमत कोणत्या डब्यातून चुकती झाली ते लक्ष्मीबाईंनी पाहिले. येथे पुस्तकाचा विनोद कामाला येतो. ‘स्मृतिचित्रे’चा विनोद आपल्याकडे खूप वाखाणला जातो, पण बहुधा त्याला लेखनाचा अलंकार समजून. माझ्या मते तो अलंकार नसून तेरेजाच्या त्या पळून जाण्याचाच मराठी अवतार आहे. जेथे कडवटपणा सहज आला असता त्या जागी लक्ष्मीबाई हसतात, आणि बहुतेक वेळा आधी स्वतःला हसतात. नवऱ्याचा दोष त्या झाकत नाहीत आणि त्याला त्या दोषात बंदही करत नाहीत. आपल्यातल्या किती चरित्रलेखकांना हे साधले आहे?

श्रद्धेकडे वळले की दोन्ही पुस्तकांच्या वाटा अगदी वेगळ्या होतात. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंवर तो आभाळ कोसळावे तसा कोसळला. पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने, लहानग्या मुलाला घेऊन त्यांनी काही वर्षे काढली. त्या दुःखातच त्यांची कविता प्रथम उमटली. पुढे त्या पतीकडे आल्या, पण आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल वेगळी ठेवून. मग कधीतरी त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला की माणूस देवाने केला हे खरे, पण जात कोणी केली? ती माणसाने केली असेल तर ती पाळण्याचे बंधन कुठून आले? हा विचार त्यांचा त्यांनी केला. त्या वेळी टिळकांचे प्रवचन चालू नव्हते. एकदा उत्तर सापडल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय झाला, आणि बाप्तिस्मा नंतर आला.

या क्रमाला महत्त्व आहे, कारण लक्ष्मीबाई पतीच्या मागोमाग ख्रिस्ती झाल्या, असे आजही सर्रास म्हटले जाते. जोसेफिन इंकस्टर यांनी १९५०मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतराचे नावच ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे मी मागून येते, असे आहे. भाषांतराविषयी आदर राखूनही हे नाव दिशाभूल करणारे आहे असे म्हणावेसे वाटते. शांता गोखले यांच्या २०१७च्या भाषांतराच्या उपशीर्षकातही तेजस्वी का होईना, पण पत्नीच आहे. पतीच्या मागे जायचे असते तर १८९५ सालीच जाता आले असते आणि त्यात त्या काळच्या पतिव्रताधर्माची सोयही होती. त्या थांबल्या. रडल्या, भांडल्या, वेगळी चूल मांडली आणि स्वतःची खात्री पटल्यावरच पाऊल उचलले. श्रद्धेला ‘काम’ हा शब्द संत पौलाने का जोडला असावा, हे या पानांवरून समजते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यासोबत जन्मतः श्रद्धा मिळालेल्या आपल्यासारख्यांना तर ही पाने विशेष वाचनीय आहेत. आपल्यातले किती जण त्या वेगळ्या चुलीपर्यंत तरी गेले आहेत?

तेरेजाचे काम याच्या उलट दिशेने चालते. तिला श्रद्धा आईच्या दुधाबरोबर मिळाली. घरात पाच बहिणी, पाचही पुढे मठवासिनी झाल्या. स्वर्ग तिला शेजारच्या खोलीइतका खरा वाटे. देव न मानणारी माणसे मनापासून तसे म्हणत असतील यावर तिचा विश्वासच बसत नसे. १८९६च्या पवित्र गुरुवारच्या रात्री तिला प्रथम रक्ताची उलटी झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, पुनरुत्थानकाळातच, तिच्या आत अंधार पसरला. स्वर्गाचा विचार आधार देईनासा झाला. पलीकडे काहीच नाही, मृत्यूनंतर अधिक गडद रात्र आहे, असे कोणीतरी चेष्टेने सांगत असल्याचा भास तिला होऊ लागला. हे मरेपर्यंत, म्हणजे सुमारे दीड वर्ष चालले. तिने याविषयी फार थोडे लिहिले. अधिक लिहिले तर देवनिंदा होईल अशी तिला भीती होती. या अंधारात तिने एक गोष्ट केली ती विलक्षण आहे. नास्तिकांकडे पाहण्याची तिची दृष्टी बदलली. त्यांच्याच मेजावर आपण बसलो आहोत आणि प्रभूची इच्छा असेतोवर तेथून उठायचे नाही, असे तिने ठरवले. प्रेषितांचा विश्वासांगीकार तिने स्वतःच्या रक्ताने लिहून काढला आणि तो ती छातीशी बाळगत असे. त्या वर्षात आपण श्रद्धेच्या जितक्या कृती केल्या तितक्या आधीच्या साऱ्या आयुष्यात केल्या नव्हत्या, असे ती नोंदवते.

आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या आपल्या घरांतून या पानांचे वाचन व्हायला हवे. आजार लांबला, प्रार्थना फळली नाही आणि मन कोरडे पडले की आपल्याकडे त्या माणसाची श्रद्धा कमी पडली, असे हळूच म्हटले जाते. काही प्रार्थनासभांतून तर मोठ्याने म्हटले जाते. ख्रिस्तसभेने मात्र १९२५मध्ये याच मुलीला संतपद दिले आणि १९९७मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला धर्मपंडिता म्हणून गौरवले. तो गौरव करताना तिची ही अंधारातली दीड वर्षे वगळण्यात आली नव्हती.

राहिली आशा. तिघींतली ही सर्वांत कमी बोलली जाणारी. तेरेजाने तिच्यासाठी एक गमतीदार प्रतिमा वापरली आहे. १८८७मध्ये वडिलांबरोबर रोमयात्रेला गेली असताना तिने प्रवासात लिफ्ट पाहिली होती. श्रीमंतांना जिने चढावे लागत नाहीत. मग परिपूर्णतेचा एवढा उंच जिना आपल्यासारख्या लहानग्या जिवाला न झेपला तर येशूचे हातच आपली लिफ्ट का होऊ नयेत, असे ती विचारते. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी ही उपमा शिळी झालेली नाही, विशेषतः ज्यांचे चाळीतले गुडघे आता दुखू लागले आहेत अशा आपल्या वाचकांना. पोप फ्रान्सिस यांनी २०२३मध्ये तिच्यावर जे प्रेषितीय बोधपत्र लिहिले त्याचा सारा भर याच भरवशावर आहे. तरीही साहित्य म्हणून मला येथे किंचित अडचण वाटते. लिफ्टमध्ये चिकाटी नाही. पौलाने आशेला दिलेली जोड या प्रतिमेत मावत नाही. ती तेरेजाच्या शेवटच्या काही पानांत सापडते, जी हातात दौत-टाक धरण्याचे बळ उरले नाही म्हणून तिने पेन्सिलने लिहिली.

चिकाटीची आशा पाहायची तर तेरेजाच्या पुस्तकापेक्षा तिच्या आईच्या, झेली मार्टिनच्या, पत्रांकडे जावे असे मी सुचवेन. झेली लेस विणण्याचा व्यवसाय करी, कारागीर बायकांकडून काम करून घेई, गिऱ्हाइकांच्या मुदती सांभाळी आणि त्यातच संसार. नऊ बाळंतपणे झाली, चार मुले दगावली. पुढे स्तनाच्या कर्करोगाने १८७७मध्ये ती गेली तेव्हा तेरेजा साडेचार वर्षांची होती. २०१५च्या ऑक्टोबरात झेली आणि लुई मार्टिन या पतिपत्नींना एकत्र संत घोषित करण्यात आले. दांपत्य म्हणून असा मान मिळालेले हे पहिलेच. मठाच्या भिंती पाहून ‘हे आपल्यासाठी नाही’ असे म्हणणाऱ्या कुटुंबांना झेलीकडे पाहून तसे म्हणण्याची सोय राहत नाही. तिच्या घरातही पैशाची काळजी होती, एक हट्टी मुलगी होती, दाईकडे ठेवलेली तान्ही बाळे होती.

लक्ष्मीबाईंच्या आशेचा पुरावा मात्र ‘स्मृतिचित्रे’च्या बाहेर आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य लिहायला घेतले होते. १९१९मध्ये ते वारले तेव्हा सुमारे दहा अध्याय झाले होते. उरलेले काव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ज्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते, ज्यांना वाचायला-लिहायला लग्नानंतर यायला लागले, त्या बाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली! ते १९३८मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. कविता म्हणून ‘ख्रिस्तायन’ची उंची ‘स्मृतिचित्रे’च्या गद्याइतकी नाही, हे स्पष्ट म्हणायला हवे. ओवीच्या चौकटीत लक्ष्मीबाईंचा आवाज थोडा अवघडतो. जो विनोद त्यांच्या बोलण्याचा प्राण, त्याला तेथे जागा नाही. फादर थॉमस स्टीफन्सच्या १६१६च्या ‘क्रिस्तपुराणा’शी तुलना केली तर स्टीफन्सची ओवी अधिक सैल आणि रसाळ वाटते. पण एका पन्नाशी उलटलेल्या विधवेने, आपले नाव मोठे होईल अशी खात्री नसताना, दुसऱ्याने अर्धवट टाकलेले काम रोज थोडे थोडे पुढे नेत राहणे, याला आशा हेच नाव योग्य. हा निकाल काव्यविचाराचा नाही, आणि तो काव्यविचारात मिसळूही नये. आपल्या परीक्षणांतून तसे वारंवार होते. लेखकाची भक्ती मोठी म्हणून त्याचे पुस्तकही मोठे ठरवले जाते आणि त्यात भक्तीचाही उपकार होत नाही.

दोन्ही पुस्तकांच्या मर्यादाही एकमेकींशेजारी ठेवल्यावर उघड दिसतात. तेरेजाच्या जगात गरिबी आहे ती व्रताची. उपाशी माणूस तिच्या पुस्तकात जवळजवळ येतच नाही. भिंत उंच आहे आणि बाहेरचा फ्रान्स क्वचितच ऐकू येतो. लक्ष्मीबाईंच्या जगात उपाशी माणूस दारात उभा आहे, पण तेथे उपासनेचे, संस्कारांचे, ख्रिस्तशरीराचे असे अंग नाही जे कॅथलिक वाचकाला श्वासाइतके आवश्यक वाटते. त्यांची श्रद्धा संतवाङ्मयाच्या ओसरीवर बसलेली, भजनात रमणारी आणि कामात दिसणारी. वेदीपासून चुलीपर्यंत जाणारी वाट एका पुस्तकात अर्धी आहे आणि दुसऱ्यात उरलेली अर्धी.

ती पूर्ण वाट चाललेल्या बायका आपल्या धर्मग्रामांत होत्या, आणि आहेत. वसईच्या वाड्यांतून भल्या पहाटे फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईची गाडी पकडणाऱ्या, आठवड्याच्या मिस्सेला न चुकणाऱ्या, दारुड्या नवऱ्याला निभावणाऱ्या, मुलांना शिकवून नोकरीला लावणाऱ्या. त्यांच्याविषयी आपण पुष्कळ लिहिले आहे. महोत्सवी अंकांत कष्टाळू आणि श्रद्धाळू अशी विशेषणे त्यांच्या नावामागे लागलेली असतात. त्यांनी स्वतः मात्र फारच थोडे लिहिले. पोलिनने बहिणीला आणि देवदत्तने आईला जसे लिहायला बसवले, तसे आपण आपल्या आईला कधी बसवले नाही. लिहिता येत नसेल तर बोलते तरी करता आले असते, तेही तिच्याच बोलीत, कुपारीत, वाडवळीत किंवा आणखी कुठल्या. आणि कोणी लिहून घेतलेच तर पोलिनसारखी इस्त्री न फिरवता. गाडीच्या डब्यात जागेवरून झालेले भांडण, वजनात मारलेला काटा, जावेशी धरलेला अबोला आणि तो कोणत्या सणाला कसा सुटला, हे सारे त्यात यायला हवे. त्या बायकांतल्या पुष्कळ जणी आता ऐंशीच्या पुढे आहेत.